ग्रुपवरचे गुरुजी

सौंसरचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. संत्रा बागायतदारांचा असो, जामसावळीला पायी जाणाऱ्यांचा असो की नुसता सासरच्या नातेवाइकांचा, त्यात एक गुरुजी असतातच. ते शाळेतच शिकवत होते असं नाही. बँकेतून किंवा तहसिलीतून निवृत्त झालेले काकाजीही या पदाला चालतात. कुणी 'आजोबांची तबेत बरी हाय' असं टाकलं की दोन मिनिटांत खाली एक तारा उगवतो आणि त्याच्या शेजारी एकच शब्द: तब्येत. आजोबांची विचारपूस सावकाशीनं. ग्रुपात कुणी वारलं की 'भापूश्र'ची रांग लागते, तेव्हा मात्र गुरुजी मूग गिळून बसतात. मधूनच एखाद्यानं पूर्ण शब्द लिहिण्याची तसदी घेऊन 'श्रध्दांजली' केली, की त्या उलट्या जोडाक्षरानं त्यांना मृत्यूपेक्षा जास्त दुःख होतं. तरी तेरवी उरकेपर्यंत ते थांबतात, हा त्यांचा मोठेपणा. चौदाव्या दिवशी 'द्ध की ध्द?' हा त्यांचा लेख ग्रुपावर येतो.

त्यांची मुख्य तक्रार अशी, की पोरांनी भाषेचे तुकडे केले. जीएम, एचबीडी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे लांबलचक निरोपाला नुसतं 'के' असं उत्तर. पण तुकडे करण्यात आपले वाडवडील कुठे मागे होते? शि. सा. न. वि. वि. लिहून चार पिढ्यांनी शिरसाष्टांग नमस्कार पाच अक्षरांत घातला आणि कुणाचं डोकं जमिनीला लागलं नाही. चि., सौ., ह. भ. प., मु. पो., ता. क. अशी आपली लग्नपत्रिका आणि पोस्टकार्डं ठिपक्यांनीच भरलेली असत. पोस्टकार्डावर जागा कमी होती, तारेत शब्दागणिक पैसे पडत होते. मोबाइलवरच्या एसएमएसचं गणित तर आणखी कडक होतं: रोमन लिपीत एका निरोपात १६० अक्षरं मावायची, देवनागरीत फक्त ७०. म्हणजे आईला शुद्ध मराठीत लिहिणाऱ्या पोराला दुप्पट भुर्दंड. त्यानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला घेतली, ती आळसापायी कमी आणि रिचार्जपायी जास्त. गुरुजी यावर म्हणतील, की आता तर निरोप फुकट जातात, मग सवय का सुटत नाही? प्रश्न रास्त आहे. पण तारेची दरपत्रकं गेल्यावरही 'मु. पो.' टिकलंच की.

पूर्णविरामाच्या बाबतीत गुरुजींची लढाई दोन आघाड्यांवर चालते. पोरं तो देतच नाहीत, आणि हिंदी शाळेत शिकलेली सून त्याच्या जागी उभा दंड ठोकते. हा दंड त्यांना घरात घुसलेला परका वाटतो. वास्तविक जुन्या मराठी पोथ्यांत दंडच होता. टिंबाचा पूर्णविराम, स्वल्पविराम ही मंडळी आपल्याकडे आणली मेजर थॉमस कँडी या साहेबानं. १८५० साली त्यानं विरामचिन्हांवर पुस्तिकाच काढली. त्याआधी मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचाही फारसा विधिनिषेध नव्हता, आणि त्याच लिपीत पेशवाईचा कारभार चालला. शिवाय टिंबाचा अर्थही आता पालटतो आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१५ साली असं आढळलं, की मोबाइलवरच्या एकशब्दी उत्तरापुढे पूर्णविराम दिला तर वाचणाऱ्याला ते कमी मनापासून आल्यासारखं वाटतं. गुरुजी शिस्तीत 'बरं.' लिहितात आणि तिकडे पुतण्या आईला विचारतो, काकाजी काऊन चिडले?

मग गुरुजी अगदीच निरुपयोगी का? तसंही नाही. आंबिया बहाराचा माल झाडावर आहे, व्यापारी भाव पाडतो आहे, आणि भागीदाराचा निरोप येतो: 'तोडू नका थांबू'. स्वल्पविराम 'तोडू'च्या पुढे असेल तर उद्या मजूर लावायचे, 'नका'च्या पुढे असेल तर घरी बसायचं. कँडी साहेबाचं ते शेपूट इथे ट्रकभर संत्र्याच्या किमतीचं आहे. पण गुरुजींचं लक्ष नेमकं अशा ठिकाणी नसतं. ते 'थांबू'चा उकार दीर्घ आहे ना, एवढं तपासतात आणि समाधानानं अंगठा दाखवतात. ऱ्हस्व-दीर्घ नीट असलेल्या अफवेवरही त्यांचा चटकन विश्वास बसतो, ही त्याचीच दुसरी बाजू.

तरी त्यांना नुसतं खडूस म्हणून सोडून देणं मला पटत नाही. १९५६ च्या राज्यरचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि मराठी बोलणारं सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. २०२३ साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला, पण अर्ज, नोटीस, सातबाऱ्याच्या जागी चालणारा खसरा, सगळं हिंदीतच. या भागात मराठीचं असं सरकारी टेबल नाही. जे टेबल नाही त्यावर गुरुजी स्वतःच खुर्ची टाकून बसले आहेत, आणि ग्रुप हीच त्यांची तहसील. गंमत अशी, की ज्या नियमांची ते अंमलबजावणी करतात ते साहित्य महामंडळाचे, १९६२ साली मान्य केले महाराष्ट्र शासनानं, ज्याचा अंमल सौंसरवर नाही. सरकारनं न लादलेला कायदा स्वखुशीनं पाळणारा इतका आज्ञाधारक नागरिक दुसरा सापडणार नाही. कुणी म्हणेल, मराठीची एवढी काळजी आहे तर पोरांना वऱ्हाडीत मोकळेपणानं लिहू द्या, भाषा तिथेच जगते आहे. खरं आहे, आणि गुरुजींनाही ते आतून ठाऊक असावं. कारण जिवाभावाचं काही सांगायचं असलं की ते टाइप करत नाहीत. माइकचं बटण दाबून धरतात आणि नागपूरला दिलेल्या लेकीला विचारतात, 'काऊन वं, फोन नाही केला? जेवली का नाही?' त्या निरोपाखाली तारा टाकायची कुणाची छाती नाही.