सात अंगठ्या, एक कांस्य

"सात वेळा जिंकला ओ तो! सात वेळा! तरी घेतला नाही म्हणं त्याला."

वहिनींनी मेथीची जुडी कुंपणाच्या भिंतीवर आपटली. आमच्या सांगलीत 'घेतला नाही' म्हटलं की एक तर कारखान्याचं पॅनेल आठवतं, नाही तर बँकेचं. मी त्याच आशेनं चहाचा कप घेऊन बाहेर आले, तर निघालं भलतंच. वहिनींचा धाकटा कॉलेजात बास्केटबॉल खेळतो आणि जेवायला बसला की अमेरिकेतल्या 'हॉल ऑफ फेम'वरून बापाशी भांडतो. काल रात्री रॉबर्ट हॉरी नावाच्या गड्यावरून जुंपली होती. एनबीएची सात विजेतेपदं, म्हणजे सात अंगठ्या, त्याही तीन वेगवेगळ्या संघांकडून. आणि तरी हॉलमध्ये जागा नाही.

पलीकडे मास्तर जास्वंदीला पाणी घालत होते. उभा जन्म पोरांना पीटी शिकवण्यात गेलेला. खेळाचा विषय निघाल्यावर नळी हातात कशी राहील?

"वहिनी, सात लग्नांत वाढपी होता म्हणून कुणी आचारी होत नाही."

हॉरीवर हा जरा अन्यायच होता. शेवटच्या सेकंदाला लांबून बास्केट मारून गेलेला सामना परत आणण्यात त्याचा हातखंडा होता. पण मास्तरांचं अगदीच खोटं होतं असंही नाही. त्या संघांत चूल सांभाळायला ओलाजुवान, ओनील, कोबी ब्रायंट, टिम डंकन अशी माणसं होती आणि ती चारही आज हॉलमध्ये आहेत.

"बरं, मग तो बार्कली? आणि कार्ल मलोन?" वहिनींनी धाकट्याकडून ऐकलेली नावं बरोब्बर लक्षात ठेवली होती. "त्यांना तर एक पण अंगठी नाही. ते कसे आत? सातवाला बाहेर आणि शून्यवाला आत, ही कसली ओ रीत?"

मास्तर खुलले. स्प्रिंगफील्ड हे मॅसॅच्युसेट्समधलं गाव. तिथं १८९१ साली जेम्स नेस्मिथ नावाच्या एका शिक्षकानं ("पीटीच्याच, बरं का") हिवाळ्यात पोरांना आत खेळता यावं म्हणून पीचच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि हा खेळ सुरू झाला. हॉल ऑफ फेम त्याच गावात, नेस्मिथच्याच नावानं. अखेरचा निर्णय चोवीस जणांची समिती करते आणि आत जायला त्यातली अठरा मतं लागतात.

"म्हणजे पॅनेलच की!"

"पॅनेलच. पण त्या चोवीस जणांनी अंगठ्या मोजत बसायचं असतं, तर समिती कशाला लागली असती? एक कारकून पुरला असता."

मास्तरांची कसोटी साधी आहे. त्या माणसाचं नाव गाळायचं आणि त्या खेळाची गोष्ट सांगायला घ्यायची. अडखळलो नाही, तर तो बाहेर. अडखळलो, तर तो आत. हॉरीला गाळून एनबीएची गोष्ट पुढं सरकते. बार्कलीला गाळून नाही सरकत. ब्राझीलचा ऑस्कर श्मिट घ्या. एनबीएत एक सामना खेळला नाही. १९८४ साली तिकडच्या संघानं निवडलेला, तरी गेला नाही. त्या काळी एनबीएत गेलं की देशाकडून खेळण्यावर पाणी सोडावं लागायचं. पुढं १९८७ मध्ये पॅन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात याच माणसानं अमेरिकेला अमेरिकेतच, इंडियानापोलिसला हरवलं, एकट्याचे ४६ गुण. अमेरिकेच्या हॉलनं २०१३ साली त्याला मानानं आत घेतलं. ऑलिंपिकचं पदक मात्र पाच वेळा खेळूनही त्याच्या हाती लागलं नाही.

"आणि आपला कोण?"

मास्तरांनी जास्वंदीकडं बघितलं. त्या हॉलमध्ये भारतीय खेळाडू एकही नाही. आपला बास्केटबॉल संघ ऑलिंपिकला गेला तो एकदाच, १९८० ला मॉस्कोत, आणि तिथं सगळे सामने हरून आला. मुंबईच्या नागपाड्यातून वर आलेले अब्बास मुन्तसिर भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. मास्तर त्यांचं नाव घेताना अजूनही ताठ उभे राहतात. पण स्प्रिंगफील्ड लांब राहिलं.

"मग मरू दे ते स्प्रिंगफील्ड," वहिनी म्हणाल्या. "आपण आपलाच काढू. सातारा आणि सांगली, दोन जिल्ह्यांचा. आणि पहिलं नाव आमचं, आधीच सांगते."

वहिनींचं माहेर कऱ्हाडकडचं, त्यामुळं पहिलं नाव कुणाचं हे विचारायचं कारणच नव्हतं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, १९५२, हेलसिंकी, फ्रीस्टाइल कुस्ती, कांस्य. वहिनींची गाडी सुटली. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. परत आल्यावर कऱ्हाडात दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर पोलिसात नोकरी. १९८४ ला अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. सांगता सांगता वहिनींचा आवाज जड झाला.

मास्तर शांतपणे म्हणाले, "हे सगळं झालं, वहिनी. कुस्ती कुणाशी केली?"

"म्हणजे?"

"हेलसिंकीत. कुणाला पाडलं? कशानं पाडलं?"

वहिनी गप्प. मीही. मला खर्डेकरांचे सात हजार पाठ होते, बैलगाड्या पाठ होत्या. पाडलेल्या पैलवानाचं नाव एकही येत नव्हतं.

मग मास्तरांनी भिंतीवरच्या मेथीच्या काड्या बाजूला सारल्या आणि तिथंच बोटानं आखाडा आखला. १९४८ ला लंडनमध्ये खाशाबा फ्लायवेटला खेळले होते, सहावे आले. तांबड्या मातीत वाढलेला गडी आणि समोर मॅट. मातीत पाय रुततो, धरून ठेवता येतं. मॅटवर तो सरकतो, आणि सगळा हिशेब गुणांचा. लंडनच्या आधी रीस गार्डनर नावाच्या प्रशिक्षकानं त्यांना मॅटवरची कुस्ती दाखवली. चार वर्षांनी हेलसिंकीला ते वरच्या, बँटमवेट गटात उतरले, म्हणजे समोरचे आणखी वजनदार. कॅनडाचा पॉलीक्विन गेला. मेक्सिकोचा बासुर्तो गेला. जर्मनीचा श्मिट्झ गेला. खाशाबांची ढाक नावाजलेली. समोरच्याची मान काखेत आवळायची आणि कंबर आत घालून फेकायचा. मास्तरांनी हे नळीवर करून दाखवलं तेव्हा नळीनं त्यांच्याच लेंग्यावर पाणी उडवलं, पण डाव कळला.

"आणि हरले कुणाशी? एक सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह, त्याला रौप्य. दुसरा जपानचा इशी, त्याला सुवर्ण. जपानला त्या अख्ख्या ऑलिंपिकमध्ये सोन्याचं पदक एकच, ते इशीचं. त्यातही दोन कुस्त्यांच्या मधे विश्रांती धड मिळाली नाही आणि भांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता, असं सांगतात. आता काढा खाशाबांना बाजूला आणि सांगा भारतीय ऑलिंपिकची गोष्ट. पुढचं वैयक्तिक पदक थेट १९९६ ला, लिएंडर पेसचं. चव्वेचाळीस वर्षं!"

खाशाबा आत. त्यावर मत घ्यायची गरज पडली नाही.

आता पाळी सांगलीची. मास्तरांनी विजय हजारे काढले आणि वहिनींनी लगेच हरकत घेतली, "ते तर बडोद्याचे की ओ!" जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५, एवढ्यावर मास्तरांनी ती फेटाळली. एकूण राजकारण आमच्या कुंपणापर्यंत पोचलंय खरं. पण हजाऱ्यांच्या बाबतीत माझा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या मोठ्या खेळ्या बघाव्यात तर संघ हरलेला. १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 'रेस्ट' संघाच्या ३८७ धावा, त्यांत हजाऱ्यांच्या ३०९. सख्खा भाऊ विवेक याच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी, त्यात भावाच्या २१. सामना डावानं गेला. जानेवारी १९४८, ॲडलेड, समोर ब्रॅडमनचा संघ, चेंडू लिंडवॉल आणि मिलरच्या हातात. पहिल्या डावात ११६, दुसऱ्यात १४५. तोही सामना डावानं गेला.

"हरलेल्या सामन्यातलं धरायचं का?" मी विचारलं.

"ताई, तेच तर धरायचं!" मास्तर म्हणाले. "जिंकणाऱ्या संघात पन्नास कुणीही काढतो."

हे मला शंभर टक्के पटत नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारतानं आयुष्यातला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारे होते, आणि माझ्या लेखी त्यांची जागा त्या विजयानं पक्की होते. जिंकायची चव नसेल तर नुसतं झुंजणं आपल्याला फारच आवडतं, ही आपली जुनी खोड. पण मत शेवटी 'आत' हेच. देशातली एकदिवसीय स्पर्धा आज त्यांच्या नावानं खेळली जाते. आयसीसीच्या हॉल ऑफ फेमच्या यादीत मात्र मी त्यांचं नाव शोधलं, ते सापडलं नाही.

नंदू नाटेकर सांगलीत जन्मलेले, बॅडमिंटन, १९५६ ला मलायात सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशी अजिंक्यपद आणणारे पहिले भारतीय. एका वाक्यात आत. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या खाल्लेले जवान, १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम आणि सुवर्ण. तेही आत. वहिनी म्हणाल्या, "ते तर पिक्चर आल्यावर आम्हाला कळले." पद्मश्री २०१८ साली. म्हणजे सोनं जिंकल्यावर सेहेचाळीस वर्षांनी.

भांडण पेटलं ते संकेत सरगरवर. सांगलीचा पोरगा, वडिलांची चहा-पानाची टपरी, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य. एकूण उचललं २४८ किलो. मलेशियाच्या गड्यानं २४९. एका किलोनं सोनं गेलं, आणि तेही कोपर दुखावलेलं असताना.

"टपरीवर बसून वजनं उचलली त्यानं," वहिनी म्हणाल्या, "तो आत."

"आत्ता नाही," मास्तर म्हणाले.

"का? गरिबाला थांबवायचं?"

"गरिबी हा गुण आहे का, वहिनी, गुणपत्रिकेत मांडायला?" मास्तरांचा आवाज चढला. "त्याची टपरी सांगून तुम्ही त्याला मोठा करत नाही, लहान करताय. ११३ स्नॅच, १३५ क्लीन अँड जर्क, हे सांगा. दुखरा हात असून तिसऱ्या वेळी परत बारखाली गेला, हे सांगा. त्याचं वय काय, पुढं करील तो. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर घ्या. रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली, पदक नाही. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद. बत्तीस वर्षांत, पी. टी. उषानंतर, ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. तिची लायकी त्या ९:१९ मध्ये आहे. माणच्या दुष्काळात नाही."

वहिनी फणकारल्या, "दुष्काळ आम्ही बघितलाय, तुम्ही नाही." आणि त्यांचंही चूक नव्हतं. पण या वादात मी मास्तरांकडं आहे. आपल्याकडं खेळाडूचा सत्कार म्हटला की त्याच्या आईचे कष्ट, वडिलांचं कर्ज, पायातल्या फाटक्या चपला. खेळ कुठंच नाही. बार्कलीला हॉलमध्ये घेताना कुणी त्याच्या घरची परिस्थिती तोलली नसेल. त्याच्याहून उंच माणसांच्या गर्दीतून तो रिबाउंड कसा ओढायचा, हे तोललं असेल. आपल्या माणसांना तेवढाही मान मिळत नाही. आपण त्यांची कीव करतो आणि तिला कौतुक म्हणतो.

राहता राहिली साताऱ्याची अदिती स्वामी आणि सांगलीची स्मृती मानधना. अदिती २०२३ ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीची जगज्जेती झाली, अंतिम लढतीत दीडशेपैकी १४९ गुण; म्हणजे पंधरा बाणांत एकच गुण सांडला. दोघींचा खेळ चालू आहे, खेळ संपेपर्यंत नाव घ्यायचं नाही असा स्प्रिंगफील्डसारखाच आमचाही नियम ठरला. वहिनींनी तो नाइलाजानं मानला. माहेरचं एक मत राखून ठेवावं लागलं याचं दुःख त्यांना दिवसभर पुरेल.

धाकटा कॉलेजला निघाला तेव्हा वहिनींनी त्याला फाटकातच अडवलं. "तुझा तो हॉरी बाहेरच बरा आहे. आणि संध्याकाळी आलास की मला त्या श्मिट्झला कसं पाडलं ते शोधून दाखव." पोरगं बघतच राहिलं.

१५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन. त्या दिवशी तुमच्या शाळेत, तालमीत, मंडळात भाषण करायची पाळी तुमच्यावर आली, तर घर गहाण ठेवल्याचं दोन वाक्यांत उरका. पॉलीक्विन, बासुर्तो, श्मिट्झ ही तीन नावं मात्र सावकाश घ्या, आणि जमलं तर एखाद्या पोराला पुढं बोलावून ढाक लावून दाखवा.