शेगडी जुनी, निदान नवं

जुन्या गॅस शेगडीसाठी कारागीर शोधायला जावं, तर भेटतो तो विक्रेता. नॉब घट्ट फिरतोय म्हटलं की निदान तयार: ‘काकू, याचे पार्ट आता येत नाहीत. काचेची घेऊन टाका.’ बहुतेकदा कॉकमधलं ग्रीस वाळलेलं असतं; पुसून नवं लावलं की काम भागतं. दुसरे महाभाग जेटमध्ये सुई घालून भोकच मोठं करतात. ज्योत पिवळी, पातेली काळी, सिलिंडर लवकर खलास. वर ‘बघा, फ्लेम कशी वाढली!’ पितळी बर्नर मात्र निकामी ठरवून मोडीत न्यायची तत्परता वाखाणण्यासारखी. पितळेचा भाव त्यांना तोंडपाठ असतो. तेव्हा सुईवाल्याला दारातूनच नमस्कार करा, आणि ग्रीसची डबी घेऊन येणारा भेटलाच तर त्याचा नंबर शेजाऱ्यांनाही द्या.