स्वहस्ते घडविलेल्या मोटारीतून

इंग्लंडच्या सरकारने १९४० साली जो खरेदी-कर बसविला तो बांधून तयार असलेल्या मोटारीवर लागू होत असे, परंतु तीच मोटार सुट्या भागांच्या रूपाने गिऱ्हाइकाच्या अंगणात आणून ओतली तर महसूल खात्याला तिच्याशी कर्तव्य उरत नसे. आणि कायद्यातील फट दिसत असता तीतून न जाणारा मनुष्य कारखानदारीत टिकत नाही, हे पूर्णपणे जाणून असलेल्या कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ पासून ‘सेव्हन’ नावाची आपली दोन आसनी उघडी मोटार खोक्यांतून विकावयास काढली. सरकारही अगदीच भोळे नव्हते. सुट्या भागांसोबत जोडणीची पुस्तिका देता कामा नये, असा त्याचा दंडक होता. मोटार खोलावी कशी हे सांगण्यास मात्र कोठेच मनाई नसल्यामुळे कंपनीने खोलण्याची पुस्तिका छापली, आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून आरंभाकडे वाचीत जावी अशी तजवीज झाली. १९७३ साली व्हॅट आला, खरेदी-कर गेला, त्यासोबत ही सवलतही गेली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे आले. तथापि करमाफी संपली म्हणून व्रत मोडावे असे त्या देशातील गृहस्थांना वाटले नाही, आणि सेव्हनच्या वळणाच्या मोटारी घरोघरच्या गॅरेजांतून आजतागायत जन्म घेत आहेत.

आमचे मेव्हणे या संप्रदायाचे निष्ठावंत पाईक आहेत. जन्म इचलकरंजीचा, वास्तव्य रेडिंगचे, आणि व्यवसाय एका विमा कंपनीत इतरांच्या जोखमीचे मोजमाप करण्याचा; म्हणजे असल्या उद्योगापासून दूर राहावे एवढे ज्ञान त्यांच्या पदरी निश्चित होते. परंतु ज्या गावी शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या अकलेने ‘मीरा’ नावाची छोटी मोटार तयार केली त्या गावचे पाणी आपण प्यालो आहोत, असा दाखला ते देतात. ती मोटार बाजारात कधीच आली नाही, हा उर्वरित इतिहास ते सहसा सांगत नाहीत.

ज्या कारखान्याकडून त्यांनी सामान मागविले त्याचे नाव सांगण्यात हशील नाही. त्याने चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, फायबरग्लासचे नाक व मडगार्डे, आणि परस्परांशी कसलेही नाते न सांगणाऱ्या नटबोल्टांच्या पिशव्या धाडल्या. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल इत्यादी आतडी मात्र जुन्या गाडीतून काढून घ्यावयाची असतात, आणि त्यासाठी एखादी म्हातारी माझदा एमएक्स-५ अख्खी विकत घ्यावी, असा शिष्टसंमत मार्ग आहे. मेव्हण्यांनी इंजिन एका भंगारवाल्याकडून, गिअरबॉक्स दुसऱ्याकडून आणि डिफरन्शिअल तिसऱ्याकडून, प्रत्येकाशी स्वतंत्र घासाघीस करून घेतले. त्यात पौंड थोडे वाचले, पण सरकारदरबारी मोटारीचे कूळ ठरेना. एकाच गाडीचे दोन मोठे अवयव तिच्या अंगी सिद्ध झाले असते, तर त्या गाडीच्या वयाला साजेसा क्रमांक तिला मिळता. ते न झाल्यामुळे ज्या वाहनांचे वय वा ओळख निश्चित करता येत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवलेले ‘क्यू’ हे अक्षर तिच्या कपाळी आले. “दाजी, सगळं एकाच गाडीचं घ्यायला हवं होतं,” असे ते मला म्हणाले, तेव्हा हा त्यांचा पहिला पश्चात्ताप आहे हे मला ठाऊक नव्हते. मी भाबडेपणाने सहानुभूती व्यक्त केली, आणि त्या दिवसापुरता श्रोता म्हणून कायम झालो.

मे महिन्याच्या आरंभीच्या सुटीत वॉरिकशायरमधील स्टोनली येथे अशा मोटारींचा मेळा भरतो. तेथवर मला नेण्याचे त्यांनी ठरविले, याचे कारण असे की, शेजारची जागा रिकामी होती. या मोटारीचा सायलेन्सर बैठकीच्या बाहेरून, उतरणाऱ्याची पोटरी नेमकी जेथे टेकते तेथून जातो. वहिनींच्या पोटरीवर त्याची मुद्रा उमटली आहे, आणि तेव्हापासून त्यांनी या वाहनाशी असलेला संबंध संपविला आहे. “भावोजी, उतरताना पाय लांब टाका,” एवढाच उपदेश करून त्या दार लावून आत गेल्या.

मोटारीला दार नाही. प्रवेशाचा विधी असा, की डोक्यामागच्या लोखंडी कमानीला धरून उजवा पाय बाजूच्या पत्र्यावरून थेट आसनावर ठेवावा, त्याच्या भरवशावर डावा पाय उचलावा, आणि मग दोन्ही पाय समोरच्या अंधाऱ्या बोगद्यात सोडीत सोडीत देह खाली जाऊ द्यावा. मध्येच विचार बदलण्याची सोय नाही. तळाशी पोहोचल्यावर घंगाळात बसल्याचा भास होतो, हात बाहेर सोडला तर बोटे डांबराला लागतील की काय अशी धास्ती वाटते, आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या चाकाचे नट डोळ्यांच्या रेषेत येऊन फिरू लागतात. मेव्हण्यांनी पायांत निमुळते, पातळ तळाचे जोडे चढविले होते, कारण तिन्ही पेडलांमधील अंतर इतके अल्प आहे की साधा बूट ब्रेक आणि अ‍ॅक्सलरेटर यांना एकाच वेळी समान न्याय देतो.

कॅव्हरशमचा पूल ओलांडून आम्ही टेम्स मागे टाकली आणि ऑक्सफर्डच्या रस्त्याला लागलो. चिल्टर्नच्या टेकड्यांतून वळणे घेत जाणारा तो रस्ता, त्यावर झुकलेली बीच वृक्षांची कोवळी पालवी, आणि काचेच्या वरून येऊन कपाळावर आदळणारा वारा यांचे वर्णन करण्याचा माझा विचार होता. परंतु शेजारून अखंड चाललेल्या निवेदनामुळे निसर्गाकडे द्यावे तितके लक्ष देता आले नाही. वॉलिंगफर्ड येईपर्यंत मला बोगद्याचे आख्यान ऐकावे लागले. ब्रेकची व पेट्रोलची नळी मधल्या बोगद्यातून आधी टाकावयाची, आणि मग इंजिन व गिअरबॉक्स बसवावयाचे, असा क्रम. पण इंजिन जागेवर बसलेले पाहण्याची उत्कंठा अनावर झाल्यामुळे त्यांनी ते प्रथम बसविले, शेजाऱ्यांना बोलावून चहा दिला, आणि नंतर नळ्या टाकावयास गेले तेव्हा मनुष्याचा हात गिअरबॉक्सच्या बाजूने कोपरापर्यंतही जात नाही असा शोध लागला. इंजिन पुन्हा बाहेर आले. दुसऱ्यांदा बसविल्यावर स्टार्टरची तार राहून गेल्याचे ध्यानात आले. शेजाऱ्यांना पुढे चहा मिळाला नाही.

ऑक्सफर्डला वळसा घालून आम्ही बॅनबरीची वाट धरली. वाटेत किडलिंग्टनपाशी भंगारातून काढलेल्या बोल्टांच्या डब्यांवर चिठ्ठ्या न लावल्याचा शोक झाला, आणि डेडिंग्टनपाशी स्वस्त पान्यांचा. स्वस्त पाना गंजलेल्या नटाचे सहाही कोपरे गोल करून टाकतो आणि मग तो नट कानशीने कापावा लागतो, हे मला तांत्रिक दृष्ट्या पटले. पण त्या एका नटाला अ‍ॅडरबरीची मधाच्या रंगाची सारी दगडी घरे बळी पडली, याचे मला अद्याप वाईट वाटते.

बॅनबरी हे गाव इंग्रजी बालकांना पाळण्यात ठाऊक होते, ते पांढऱ्या घोड्यावर बसलेल्या आणि पायांच्या बोटांत घुंगरू घातलेल्या एका स्त्रीच्या बडबडगीतामुळे. तेथील जुना क्रॉस कट्टर प्यूरिटन मंडळींनी सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर पाडला, सध्याचा १८५९ मधला आहे, आणि त्या घोडेस्वार स्त्रीचा पुतळा २००५ साली बसविलेला आहे. घुंगरांच्या बाबतीत आम्ही तिला हार गेलो नसतो. आमच्या मोटारीतला प्रत्येक पत्रा आपापल्या स्वरात बोलत होता. परंतु त्या चौकातच मागच्या गाडीच्या चालकाने हात हलवून आम्हास थांबविले. मेव्हणे ब्रेक दाबतात तेव्हा मागचा लाल दिवा लागण्याऐवजी डाव्या वळणाचा दिवा मंद पेटतो, अशी त्या वृद्ध गृहस्थांची तक्रार होती. आमचा नेमका मनोदय काय, एवढेच त्यांना विचारावयाचे होते.

सामान्य मोटारीचे सारे लोखंडी अंग हीच विजेच्या परतीची वाट असते, म्हणून दिव्याकडे एक तार नेली की भागते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची दुसरी तार देऊन ती सांगाड्याला टेकवावी लागते, आणि ती नीट टेकली नाही, तर अडलेला प्रवाह शेजारच्या दिव्यातून घुसून बाहेर पडतो. मेव्हण्यांनी तार दिली होती, बोल्टही घट्ट आवळला होता. मात्र सांगाड्यावरचा तो चकचकीत काळा लेप, ज्यासाठी कारखान्याला जादा पैसे मोजले होते, तोही विजेला अडवितो हे त्यांच्या मनात आले नव्हते. वृद्ध गृहस्थांनी खिशातून चाकू काढला, कोट काढून माझ्या हाती दिला, रस्त्याच्या कडेला गुडघे टेकले, आणि बोल्टाभोवतीचा लेप खरवडून नाण्याएवढे पांढरे पोलाद उघडे केले. दिवा लाल झाला. नंतर बराच वेळ ते दोघे त्या पोलादाकडे पाहत उभे होते. जो समाज शेजाऱ्याशी हवेपलीकडे बोलत नाही, त्या समाजातील दोन पुरुषांना परस्परांशी मोकळेपणाने बोलता यावे म्हणूनच बहुधा ही मोटार निर्माण झाली असावी, असे माझे मत झाले.

गृहस्थांनी सरकारी परीक्षेची चौकशी केली, तेव्हा मला तोही अध्याय ऐकावयास मिळाला. घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणण्यापूर्वी तिला एका कसोटीस उतरावे लागते. २००९ पासून तिचे नाव आयव्हीए. तीत तपासनीस एक गोळा घेऊन मोटारीच्या अंगावरून फिरवितो, आणि त्या गोळ्याला जेथे जेथे कड लागते तेथे तेथे ती अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोलावलेली आहे की नाही ते पाहतो. पेट्रोलच्या टाकीचे झाकण गाडीपासून वेगळे होऊन चालत नाही. स्टेअरिंग वळवून सोडले असता ते आपण होऊन सरळ होण्याकडे वळले पाहिजे, आणि मेव्हण्यांचे स्टेअरिंग होते तेथेच समाधानाने राहिले, म्हणून पहिल्या खेपेस नापासाचा शेरा मिळाला. कडांचा प्रश्न संप्रदायाने सोडविलेला आहे: परीक्षेपुरत्या साऱ्या कडांना रबरी पट्ट्या आणि साऱ्या नटांना प्लॅस्टिकच्या टोप्या चिकटवितात, आणि पास झाल्यावर काढतात. टोप्या काढताना त्यांच्याबरोबर रंगही निघाला, हा त्यांचा आणखी एक पश्चात्ताप.

साउदॅममार्गे आम्ही स्टोनलीला पोहोचलो. या मैदानावर १९६३ पासून २००९ पर्यंत इंग्लंडचे मोठे कृषिप्रदर्शन भरत असे, आणि वळूंची वंशावळ येथे पंचांसमोर मांडली जाई. आता त्याच जागेत ‘क्यू’ अक्षराच्या, अज्ञात कुलगोत्राच्या मोटारी रांगांनी उभ्या होत्या, आणि मालक शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. मला वाटले होते की येथे प्रत्येक जण आपल्या कृतीची स्तुती करील. घडले ते भलतेच. जो तो आपापल्या चुका सांगत होता, ऐकणारा मान डोलावून त्याहून मोठी सांगत होता, आणि ज्याने इंजिन सर्वांत अधिक वेळा बाहेर काढले होते त्याच्या खुर्चीभोवती सर्वांत दाट गर्दी होती. मेव्हण्यांचा तेथे दर्जा मध्यम ठरला, आणि ते मला थोडे खट्टू दिसले.

एक तरुण इंग्रज दांपत्य वही घेऊन फिरत होते. मोटार बांधावी की न बांधावी, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. मेव्हण्यांनी त्यांना मघाच्या रस्त्यावरचे सर्व अध्याय, बॅनबरीच्या ताज्या परिशिष्टासह, सांगितले. वर गॅरेज आधी मोजा, कारण मोटारीभोवती फिरायला जागा लागते, असेही बजावले. तरुणाने वहीत पुष्कळ लिहून घेतले. निरोप घेताना त्याने एकच प्रश्न विचारला: हिरवा रंग कोणत्या दुकानातून आणलात? मेव्हण्यांनी पत्ता दिला.

दुपारी पश्चिमेकडे आभाळ भरून आले. मी छपराची चौकशी केली. छप्पर मिळते, म्हणाले. कापडाचे असते, काठ्यांवर ताणून गुंड्यांनी बसवितात. पण सामान मागविताना काही पौंड वाचतील म्हणून त्या रकान्यात त्यांनी काट मारली होती. “ते घ्यायला हवं होतं, दाजी,” ते मैदानाबाहेर पडता पडता म्हणाले, आणि पहिला थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. मी त्यांना नम्रपणे लेमिंग्टनच्या स्टेशनपर्यंत सोडण्याची विनंती केली. ज्या वाचकांना या मार्गाने जाण्याचा प्रसंग येईल त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की लेमिंग्टनहून रेडिंगला थेट आगगाडी आहे. ती बॅनबरी व ऑक्सफर्डवरूनच जाते, आणि तिला छप्पर असते.