पहिला रोबो: नवशिक्यांस सविनय सूचना

जपानची बांदाई कंपनी १९८० पासून गुंडम रोबोंचे प्लास्टिक किट विकते. नवशिक्यांसाठी तिने ‘एंट्री ग्रेड’ही काढला. भाग हाताने सुटतात, खटकन बसतात. गोंद नको, कात्री नको. इतकी सोय पाहून जाणकारांचा जीव साहजिकच कासावीस होतो. हाताने तोडू नका, खूण राहते, असे ते कळवळून सांगतात. एका पात्याची निपर, म्हणजे भाग कापायची पक्कड, घ्या. किटपेक्षा महाग आहे खरी, पण किट काय, एकदाच जोडायचे! मग रोबोच्या काखेतला तिळाएवढा पांढुरका डाग घासायला तीन प्रतींचा पॉलिश पेपर, रेघांत भरायला काळी शाई, वरून मॅट स्प्रे. काखेत कोण बघतो, असे विचारणाऱ्याला या छंदात प्रवेश नसावा.

आमची एवढीच भर: निपरवर हात बसायला १/१४४ प्रमाणाचे छोटे एक किट घ्यावे, बसलेला हात वाया जाऊ नये म्हणून १/१००चे, आणि १/६०चे थोरले निवृत्तीसाठी राखावे. न उघडलेली खोकी छताला टेकली, की साधना फळली.

शेजारच्या आठ वर्षांच्या पोराने मात्र भाग बोटांनी तोडून जेवणाआधीच रोबो उभा केला. वर निर्लज्जपणे त्याच्याशी खेळतोय.