शेवटच्या बाकाचे कब्जेदार

नम्रतेचा मक्ता घेतलेले एक बंधू प्रत्येक मंडळीत असतातच, तेव्हा आमच्या बंधूंची निराळी ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तरी त्यांच्या नम्रतेचा अंमल जळगाव आणि धुळे या दोहोंवर अविभक्त चालू आहे, एवढेच सांगतो.

मेजवानीस गेल्यास शेवटच्या जागी बसावे, हा लूकच्या शुभवर्तमानातील उपदेश त्यांनी इतका मनावर घेतला आहे की, उपासनेची पहिली घंटा होण्यापूर्वीच येऊन ते शेवटचे बाक अडवितात. त्या बाकावरील त्यांची वहिवाट एवढी जुनी की, मंदिराचा सातबारा काढलाच तर कब्जेदाराच्या रकान्यात त्यांचेच नाव निघावे. एका नाताळात भुसावळचा कोणी पाहुणा अजाणता तेथे बसला, तेव्हा "बसा, बसा, मला पायपुसणेही पुष्कळ आहे," असे म्हणून ते खरोखरच दारातल्या पायपुसण्यावर बसले. परिणामी सारी मंडळी माना वळवून त्यांच्याकडे पाहत राहिली आणि प्रभूने गव्हाणीत जन्म का घेतला, हे पाळकसाहेब कोणाला सांगत होते ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

जेवणातही हाच शिरस्ता. थंडीत मंडळीची भरीत-पार्टी झाली की बंधू शेवटच्या पंगतीखेरीज बसावयाचे नाहीत. आणि शेवटची पंगत उठल्याखेरीज बायांना चूल विझविता येत नाही, सबब त्यांच्या एकट्याच्या नम्रतेपायी चारचौघी कळण्याच्या भाकरी थापीत ताटकळतात. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून 'देवाचा दरबार' स्थापिला, हा दाखला ते पंचकमिटीच्या प्रत्येक निवडणुकीत देतात आणि त्याच त्यागबुद्धीने आपणही अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर करतात. ते पद त्यांना आजवर कोणी देऊ केलेले नाही. लूकच्याच अठराव्या अध्यायातला जकातदार दूर उभा राहून, वर पाहण्याचाही धीर न होऊन, ऊर बडवीत होता. आमचे बंधूही ऊर बडवितात, फरक इतकाच की मधूनमधून डोळा किलकिला करून हजेरी घेतात. परुशी निदान उघडपणे पुढे उभा होता, त्यामुळे मागच्यांना प्रार्थना तरी सुचत असावी!

तथापि त्या शेवटच्या बाकाविषयी एक गोष्ट, मनात नसतानाही, नमूद केली पाहिजे. ते दाराजवळचे बाक आहे. नवऱ्याने टाकलेली, साक्रीकडून मजुरीला आलेली एक बाई एका रविवारी उंबऱ्याशीच अंग चोरून उभी राहिली, तेव्हा बंधू मुकाट्याने सरकले. उपासनासंगीताचे आपले जीर्ण पुस्तक उघडून त्यांनी तिच्यापुढे धरले, आणि तिला वाचता येत नाही हे ध्यानी येताच प्रत्येक ओळीखाली बोट फिरवीत, स्वतःच्या बेसूर आवाजाला आवर घालून, तिच्यापुरते हळू गाऊ लागले. पुढे कित्येक रविवार हे असेच चालले. बाकाची, पंगतीची, पदत्यागाची हकीकत ऐकून आमचे कान किटले होते, पण याचा एक अक्षरानेही उच्चार त्यांच्या तोंडून झाला नाही.

न राहवून मीच एकदा विषय काढला. "कोणती बाई?" असे विचारून ते क्षणभर गोंधळले, आणि लगेच आपल्या धुळ्याच्या प्रवासाची हकीकत सांगू लागले. चाळीसगावाहून जाताना ते अर्थातच शेवटच्या डब्यात बसले होते. परंतु धुळ्यास लोहमार्गच संपत असल्यामुळे परतताना इंजिन दुसऱ्या टोकाला लागते आणि शेवटचा डबा पहिला होतो, ही रेल्वेची अंदाधुंदी त्यांना मुळीच मान्य नव्हती. म्हणून ट्रंक डोक्यावर घेऊन, "सरका, मला मागे जायचे आहे," असे ओरडत, त्यांनी सारा फलाट तुडविला होता.