आप्पांचे शंभर युनिट

वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्यात, आणि खरं म्हणजे मालेगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात, एक माणूस हमखास सापडतो. तो खोलीत शिरण्याआधी त्याचा हात शिरतो आणि बटनावर जातो. घरच्यांना आधी अंधार दिसतो, मग तो. आपण त्याला आप्पा म्हणू. गावानं त्याला दुसरं एक नाव ठेवलंय, पण ते छापण्यासारखं नाही.

आप्पांचं शेत थोडं, सोयाबीन-तुरीचं. लक्ष मात्र सगळं मीटरवर. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या वर गेलेल्या प्रत्येक युनिटाला चढा दर लागतो. ही मेख कळली तेव्हापासून आप्पा त्या शंभराच्या बांधावर राखणीला बसलेत. ६० वॅटचा जुना बल्ब सोळा-सतरा तासांत एक युनिट खायचा, ९ वॅटच्या एलईडीला तेवढं खायला एकशे दहा तास लागतात, हे गणित घरात तिसरीतल्या नातीलाही येतं. तिचे पाढे कच्चे आहेत, पण हे पक्कं. एवढं असून आप्पा एलईडीही विझवतात.

“आप्पा, मी अभ्यास करून रायली ना!”

“मंग ओसरीत बस. सूर्याचं बिल येते का?”

टीव्ही रिमोटनं बंद करणं हा त्यांच्या लेखी गुन्हा. तो बारका लाल दिवा रात्रभर जागा राहतो आणि आप्पाही त्याच्यासोबत जागे राहतात. म्हणून ते भिंतीवरचं बटनच दाबतात, बहुधा मालिकेतली सून खरं काय ते सांगणार असते तेव्हाच.

पाण्याचं प्रकरण याहून मोठं आहे. उन्हाळ्यात वाशिमकडे पाण्याचे काय हाल असतात ते इकडच्यांना सांगायला नको. आप्पांच्या अंगणात बालट्यांची रांग असते आणि प्रत्येकीचा धर्म वेगळा. तांदूळ धुतलेलं पाणी गाईचं. भाजी धुतलेलं तुळशीचं आणि कढीपत्त्याचं. कपड्यांचं दुसरं पाणी फरशीला, पहिलं संडासात. पाहुणा जेवून हात धुवायला उठला की आप्पा मागोमाग उठतात आणि अदबीनं विचारतात, “साबण लावसान, का नुसतेच?” पाहुण्याला हा आपल्या स्वच्छतेवरचा संशय वाटतो. प्रश्न फक्त बालटीचा असतो.

मग थैली. जून २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली आणि आप्पा अचानक काळाच्या पुढे निघाले. जुन्या पायजम्याची थैली ते आधीपासूनच वापरत होते. तिला अजून खिसा आहे आणि नाडीही. बाजारात भाजीवाल्यानं पन्नीला हात लावला की आप्पा गरजतात, “पन्नी नको, थैलीत टाक!” त्या एकाच थैलीत टमाटर, त्यावर वांगे, त्यावर मिरच्या आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि शेवटी, स्वस्त मिळालं म्हणून, अख्खं कोहळं. घरी आल्यावर टमाटरांची चटणी आयतीच तयार असते. सांबारातून मिरच्या वेचत काकू, म्हणजे आप्पांच्या सौभाग्यवती, दिवे लागणीपर्यंत बसतात. दिवे लागणी म्हणायची आपली पद्धत. दिवे त्या घरात उशिराच लागतात.

पन्नीला नको म्हणणाऱ्या याच माणसाच्या गादीखाली मात्र बंदीच्या आधीपासूनच्या पन्न्या घडी घालून ठेवलेल्या आहेत. दुधाच्या पिशव्या धुऊन, उलट्या करून, तारेवर चिमटे लावून वाळत असतात. टूथपेस्टची ट्यूब कापून उघडली जाते. पेनाची रिफिल कागदावर घासून, फुंकून, तळहातात गरम करून अखेरच्या थेंबापर्यंत चालवली जाते आणि मेल्यावरही खिशात राहते. फेकायचं काही नाही, हा घरचा कायदा.

बरीच वर्षं गाव याला चिकटपणा म्हणायचं. मग ‘मिशन लाइफ’ आलं. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी त्याचा उच्चार केला, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात गुजरातेत केवडियाला रीतसर सुरुवात झाली, आणि घराघरातल्या माणसानं काय काय करावं याची ७५ सवयींची सरकारी यादी निघाली. पुण्याहून आलेल्या पुतण्यानं ती मोबाइलवर वाचून दाखवली. एलईडी वापरा. नळ बंद करा. कापडी पिशवी घ्या. उरलेली भाजी गुरांना घाला. आप्पा दर सवयीला मान डोलवत होते, कीर्तनात डोलवतात तशी.

काही सवयींपाशी गाडी अडली. लिफ्टऐवजी जिन्यानं जा, हे जऊळक्यात आपोआप पाळलं जातं. एसी २४ अंशांवर ठेवा; आप्पांनी पंखा एकवर ठेवलाय. लाल सिग्नलला इंजिन बंद करा. इथं सिग्नल फक्त रेल्वेचा, आणि तिथं आपलं इंजिन बंद करून काय होणार, असा त्यांचा सवाल. शेवटी बेरीज झाली आणि गावचा कवडीचुंबक एका दुपारीत पर्यावरणवादी झाला.

मला यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. युनिट वाचतं ते वाचतंच; वाचवणाऱ्याचा हेतू पैशाचा की पृथ्वीचा, हे मीटर विचारत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आप्पा भाषणात गाडगेबाबांचा दाखला देतात. बाबा आपल्या वऱ्हाडचे, शेंडगावचे, त्यामुळे हक्कानं देतात. पण बाबा गावात आले की आधी स्वतः झाडू हातात घेत आणि कीर्तन नंतर. आप्पांचं कीर्तन झालं की संपतं. शोध त्यांचा, बालटी काकूंची. पन्न्या धुणं, ओला कचरा वेगळा काढून खड्ड्यात टाकणं, तुराट्या मोडून चुलीशी रचणं (सिलिंडर तीन महिने पुरलं पाहिजे ना), जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणं, या सगळ्याला दोनच हात आहेत आणि ते आप्पांचे नाहीत. चुलीच्या धुराबद्दल तर त्या घरात कोणी बोलतच नाही.

यादी संपली तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. एका हातात तांदळाच्या पाण्याची बालटी, दुसऱ्यात फरशीची.

“झाले पंच्याहत्तर?”

“झाले ना काकू,” पुतण्या म्हणाला.

“मंग शहात्तरावं लिहून घ्या म्हणा तुह्या आप्पाले. ज्यानं बालटी लावली त्यानंच ती उचलावी.”

पुतण्या आप्पांकडे पाहू लागला. त्याच्यासमोर माघार घेणं शोभलं नसतं. आप्पांनी मोठ्या मनानं जुन्या वीजबिलाची पाठ उलटी केली, खिशातला पेन काढला, आकडा घातला. पेन उमटेना. त्यांनी तो झटकला, फुंकला, तळहातात चोळला.

“राहू द्या,” काकू म्हणाल्या आणि गाईकडे गेल्या.