टिंब

आमच्या घरात माणसं तीन आणि आयपी पत्ते अकरा. प्रिंटर म्हणजे १९२.१६८.१.२०, फोटोंची डिस्क ३०, टीव्ही ४१. बायकोने एकदा विचारलं, "अहो, याला काही नाव नाही का?" एवढं निमित्त पुरलं. माळ्यावरचा छोटा कॉम्प्युटर खाली काढला, त्यात 'बाइंड' हे सॉफ्टवेअर टाकलं आणि नावावरून पत्ता सांगणारा घरचा डीएनएस सर्व्हर उभारायला घेतला.

बारशातच रविवार गेला. प्रिंटर कशानेही बिनसतो म्हणून 'दुर्वास', फोटोंची डिस्क 'चित्रगुप्त', घरबसल्या लांबचं दाखवणारा टीव्ही 'संजय'. आडनावाचा प्रश्न नव्हता. घरगुती नेटवर्कसाठी 'होम डॉट आर्पा' राखूनच ठेवलंय.

पूर्वी, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या साऱ्या आर्पानेटची नावं एकाच फाइलीत असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची मंडळी ती सांभाळत. नवं यंत्र आलं की त्यांना कळवायचं. ग्रामपंचायतीतल्या जन्माच्या नोंदीसारखं. गाव वाढलं, वही पुरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ज्याची वही त्याने सांभाळावी अशी सोय काढली, तीच डीएनएस. म्हणून तर माझी वही माझ्या हाती आली, आणि चूकही माझ्याच माथी.

चूक टिंबाची. वहीत पूर्ण नाव लिहिलं की शेवटी टिंब द्यायचं. नाही दिलं, तर सर्व्हरला नाव अर्धवट वाटतं आणि तो मायेने आडनाव चिकटवतो. 'प्रिंटर' हे टोपणनाव दुर्वासला जोडताना मी टिंब विसरलो, आणि तो झाला 'दुर्वास डॉट होम डॉट आर्पा डॉट होम डॉट आर्पा'. लग्नपत्रिकेत 'जोशी जोशी' छापून यावं तसं. असं इथे कोणी राहत नाही, हे सर्व्हर मला तीन तास न चिडता सांगत होता. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर कँडीला देतात. पूर्णविरामापायी शाळेत कापले गेलेले अर्धे-अर्धे मार्क मी त्याच्या खात्यावर मांडून ठेवले होते. त्या रात्री ते माफ केले.

टिंब दिलं, दुर्वास पहिल्या हाकेला धावला. आठवडा बरा गेला. मग कोणीतरी मिक्सर लावायला त्या कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि घरातली सगळी नावं एका दमात गेली. मी धावत आलो, तर प्रिंटर खुशाल कागद ओकत होता. त्याच्या डोक्यावर बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी: १९२.१६८.१.२० आणि पुढे, न विसरता, ठसठशीत टिंब.